मुरलेला हात

"तात्या, झोपलात की काय?" डॉक्टरांनी विचारलं.

तात्या झोपले नव्हते. तपासणीच्या टेबलावर पाय लांब करून, डोळे मिटून ते वाट बघत बसले होते. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक, ताठ धागा त्यांच्या तळपायाला टेकवत होते. अंगठा झाला, चवडा झाला, टाच झाली. धागा टेकला की 'हो' म्हणायचं, एवढंच काम होतं. तात्यांनी एकदाही हो म्हटलं नाही. मग नडगी झाली, मग हाताची बोटं झाली.

"सुरू कवा करनार?" तात्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

डॉक्टरांनी धागा खाली ठेवला. "झालं तपासून. तात्या, तुमच्या नसा बधिर झाल्यात. पाय गुडघ्यापर्यंत आणि हातांची बोटं. याला न्यूरोपॅथी म्हणतात. ही साखर आज-काल वाढलेली नाही, बरीच वर्षं वाढत आलेली आहे."

तात्या हसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "आवं म्याडम, गुळव्या हाय मी. माझा हात मुरलाय. त्याला कसलं औशिद देताय?"

मी इस्लामपूरच्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात डायबेटिस एज्युकेटर आहे. म्हणजे डॉक्टर औषध लिहून देतात आणि त्या औषधाचा उपयोग होईल असं कसं राहायचं ते मी शिकवते. काय खायचं, सुई कशी टोचायची, पाय कसे बघायचे. लोक मला शुगरवाल्या म्याडम म्हणतात. माहेर आष्ट्याचं, मुलाणींची लेक. तोंड माझं पहिल्यापासून फाटकं, गोड बोलून समजावणं मला जमत नाही. गोडाचंच तर सगळं दुखणं आहे, असं मी पेशंटना सांगते. तात्यांची हकीकत मी लिहून काढतेय ती त्यांच्यासारखी माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांच्यासाठी. अशी माणसं कुरकुर करत नाहीत, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं बरं चाललंय.

ज्यांनी गुऱ्हाळ आतून पाहिलं नसेल त्यांना गुळव्याचं काम सांगायला हवं. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत उकळतो, घट्ट होत जातो, आणि एका नेमक्या क्षणाला काहील चुलीवरून उतरवावी लागते. लवकर उतरवली तर गूळ धरत नाही, उशीर झाला तर करपतो. तो क्षण गुळव्या सांगतो. हात गार पाण्यात बुडवायचा, बोटांनी चिमूटभर उकळता पाक उचलायचा, लगेच परत पाण्यात घालायचा आणि गोळी वळून बघायची. नवा माणूस हात घालतानाच ओरडतो. वर्षं जातात तसा तो सरावतो. मग लोक म्हणतात, याचा हात मुरला.

तात्यांचा हात असा मुरला होता की आसपासच्या गावांतून लोक बघायला यायचे. बाकीचे गुळवे पाक उचलून झटक्यात पाण्यात घालतात. तात्या तो बोटांत धरून शेजारच्याशी दोन शब्द बोलायचे, मग सावकाश पाण्याकडं हात न्यायचे. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढून फोनवर फिरवला होता. माझ्या भावानं मला तो कधीच दाखवला होता, आणि मीही बघून 'बाप रे' म्हणून पुढं सरकवला होता. तेच तात्या हे, हे मला त्या दिवशी दवाखान्यात कळलं.

त्यांना आणलं होतं त्यांच्या पुतण्यानं, संपतनं. तात्या आणि हिराकाकूंना मूलबाळ नाही. संपतला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच काहिलीवर बसवलं. तात्यांच्या तर्जनीच्या पेरावर फोड येऊन फुटला होता आणि बरेच दिवस वाळत नव्हता. काकूंनी हळद लावून चिंधी बांधली होती. तेवढ्यासाठी आलेल्या माणसाला आम्ही हे सगळं सांगत होतो.

मी तात्यांना समोर बसवलं आणि माझ्या पद्धतीनं सांगितलं. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदरांनी कुरतडली तर काय होतं? मोटार शाबूत, वीज शाबूत, पण बटण दाबलं तरी तिकडं काही पोचत नाही. रक्तातली वाढलेली साखर नसांना तसंच कुरतडते. आणि सगळ्यांत लांब केबल आधी जाते. पायाची नस सगळ्यांत लांब, म्हणून पाय आधी बधिर होतात. बधिरपण हाताच्या बोटांपर्यंत आलं, याचा अर्थ पाय केव्हाच गेलेत.

"यांची चप्पल वाटंत पडती," हिराकाकू एकदम म्हणाल्या. तोवर त्या भिंतीला टेकून गप्प उभ्या होत्या. "एक पाय अनवानी, तसंच चालत ऱ्हात्यात. मी मागनं चप्पल घिऊन जाते. मला वाटायचं, इसरभोळं झाल्यात."

तात्यांनी काकूंकडं बघितलंही नाही. मला म्हणाले, "म्हंजी ही माझी कला न्हवं?"

"तात्या, पाक ओळखता ती तुमची कला. चटका बसत नाही हा आजार आहे."

त्यांनी गोळ्या घेतल्या, पट्टी करून घेतली, सलाईनच्या स्टँडला धक्का लागला तर तो नीट उभा केला आणि निघून गेले. मी नेहमीप्रमाणे सांगितलं होतं, जखम भरेपर्यंत काहिलीजवळ जायचं नाही. नंतरही पाकात हात घालायचाच नाही. थर्मामीटर मिळतो, तो लावायचा. थर्मामीटर म्हटल्यावर संपतला हसू आलं होतं.

पुढच्या तपासणीला ते आलेच नाहीत. फोन केला तर संपत म्हणाला, "तात्या काहिलीवर हाईत." हंगाम भरात आला होता. तोडलेला ऊस पडून राहिला तर रस बिघडतो, त्यामुळं गुऱ्हाळ थांबत नाही. मला हे सगळं माहीत आहे, मी काही मुंबईहून आलेली नाही. तरी मला राग आला. एका सुटीच्या दिवशी माहेरी जाताना मी स्कूटर गुऱ्हाळाकडं वळवली.

तात्या काहिलीपाशी होते आणि हाताला पट्टी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "पट्टीतनं पाक कळत न्हाई." बोटाचं टोक काळसर झालेलं मला लांबूनही दिसत होतं. मी चारचौघांत आवाज चढवला. गुऱ्हाळाचे मालक मध्ये पडले आणि मला बसायला खुर्ची, प्यायला रस दिला. तात्यांनी माझ्यासमोर पाक उचलला. नेहमीपेक्षाही जास्त वेळ बोटांत धरला. गडी कौतुकानं बघत होते. मी रस तसाच ठेवून निघाले.

त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी तात्यांच्या बोटांच्या बेचक्यात पाक अडकून राहिला. पाण्यात हात घातला तरी तो निघाला नाही, आणि त्यांना कळलं नाही. संध्याकाळी हात धुताना कातडी सुटून आली तेव्हा संपतनं पाहिलं. तरी घरीच ठेवलं. खोबरेल लावलं. मग थंडी वाजून ताप भरला, हात कोपरापर्यंत फुगला, आणि तात्या भलतंच बोलायला लागले तेव्हा जीपमध्ये घालून आमच्याकडं आणलं. तात्या जीपमध्येच होते. डॉक्टरांनी बाहेर येऊन हात बघितला आणि म्हणाले, "उतरवू नका. असेच मिरजेला न्या."

हिराकाकू माझा हात सोडेनात. मी तशीच जीपमध्ये चढले.

मिरजेच्या त्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी सरळ सांगितलं. "हाताच्या आत पू पसरलाय. तो रक्तात उतरायला लागलाय, त्याला सेप्सिस म्हणतात. यात माणूस जातो. आधी जीव, मग हात. आज डिब्राइडमेंट करतो." डिब्राइडमेंट म्हणजे कुजलेला भाग कापून साफ करणं. चांगलं मांस लागेपर्यंत कापत जायचं. ते कुठं लागेल हे आत गेल्याशिवाय सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी तर्जनी गेली. एक दिवस सोडून मधलं बोट गेलं आणि तळव्याचा तुकडा. साखर खाली येत नव्हती, इन्सुलिन चालू होतं, लघवी कमी झाली होती. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर आम्ही बसून असायचो. तिथं प्रत्येकाचं कुणीतरी आत असतं आणि प्रत्येकाच्या मांडीवर डबा असतो. न उघडलेला डबा घरी परत नेणारी माणसं मी खूप पाहिली. मला कामावरून जास्त दिवस सुटी मिळेना, मी एक दिवसाआड जायची. गेले की काकू विचारायच्या, "आता कितपत ऱ्हायलाय?" त्या हाताबद्दल विचारत होत्या.

शेवटी सर्जन बाहेर आले. मास्क हनुवटीवर ओढला, काकूंच्या शेजारी बाकावर बसले. बसले तेव्हाच मला कळलं. "मनगटातून काढावा लागेल, मावशी. आणखी थांबलो तर कोपरातून काढावा लागेल."

काकूंनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. मग हळू आवाजात विचारलं, "काढल्याला हात देत्यात का आमाला?"

सर्जननी मान डोलावली. मागितला तर देतो म्हणाले. तो संपतनं कापडात गुंडाळून नेला आणि शेताच्या बांधाला पुरला. मी असंख्य पेशंटना पायांची काळजी घ्या म्हणून सांगितलंय, भिंतीवरचे तक्ते दाखवलेत. पण तो कापडाचा गुंडाळा छातीशी धरून जिना उतरणारा संपत पाहिला आणि मी जिन्यातच बसून रडले.

तात्या वाचले. शुद्धीवर आले. काकू घास भरवायच्या, ते तोंड उघडायचे. मी त्यांना डाव्या हातानं इन्सुलिनचं पेन धरायला शिकवत होते. टोपण दातांनी काढायचं, आकडा फिरवायचा, पोटाची चिमूट धरायला दुसरा हात नाही म्हणून सुई सरळ टेकवायची. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्याडम, मला कळत न्हवतं," ते म्हणाले.

मला वाटलं, आजाराबद्दल बोलतायत. "कुणालाच कळत नाही तात्या, हा आजार तसाच आहे."

"तसं न्हवं. पाक कळत न्हवता हाताला. लय वरसं झाली. पयल्यांदा कळायचा. मग नुसती बोटं जड लागायची. मग कायबीच न्हाई. बुडबुडं बगून, वासावरनं सांगायचो मी. काहील उतरायला आली की बुडबुडा कसा फुटतोय, ते दिसतं."

"मग हात कशाला घालत होता?" माझा आवाज नको तेवढा चढला. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला.

"हात घातला न्हाई तर गुळव्या कसला?"

 मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. या माणसाला आपल्या हातात काहीतरी बिघडलंय हे ठाऊक होतं. त्यानं ते सगळ्यांपासून लपवलं आणि जग टाळ्या वाजवत राहिलं. मीसुद्धा त्या व्हिडिओला 'बाप रे' म्हणून मोकळी झाले होते.

मग ते उठून बसायला बघायला लागले. मी उशी लावली. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "संपत्याचाबी मुरलाय," ते म्हणाले. "चाळिशीला आलाय तो, आत्ताच. मला वीस वरसं हंगामात बसून सराव झाला, तवा कुठं चटका सोसायला आला. त्याला चारपाच वरसांतच कायबी लागंना झालंय. मी सगळ्यांस्नी सांगत सुटलो, माज्यापरीस हुशार निगाला म्हनून." त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. "त्याला बगा. माजं ऱ्हाऊ द्या, त्याला बगा."

संपत तेव्हा खाली चहाच्या टपरीवर होता. मी त्याला गाठलं. रक्त तपासू म्हटलं, तिथंच, पाच मिनिटांचं काम. तो म्हणाला, "मला कायबी हुईत न्हाई." काकांचा हात त्यानं स्वतः पुरला होता, आणि तरी तो मला असं म्हणत होता. तात्या आडवे झाल्यापासून काहील त्याच्याकडं आली होती. मालकांनी त्याला गुळव्या म्हणून नेमलं होतं. मी दोनदा, तीनदा सांगितलं. मग तो माझा फोन घेईना झाला.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती तुमच्याही घरी होईल. हाताला दुखत असतं तर संपत धावत आला असता. आपल्याकडं दुखणं म्हणजे आजार. जे दुखत नाही ते बरं. चटका न बसणं, काटा न टोचणं, कुरूप कापताना न कळणं, याला आपण सोसण्याची ताकद म्हणतो आणि पोरांना कौतुकानं सांगतो. माझ्याकडं शेतकरी येतात, भट्टीवरचे गडी येतात, फौजेतून रिटायर झालेले येतात. पूर्वी मी त्यांना विचारायची, कुठं दुखतं? आता मी विचारते, काय दुखायचं बंद झालंय? या प्रश्नाला माणसं आधी हसतात. मग आठवायला लागतात.

तात्या घरी आले. थोडे दिवस गेले आणि काकूंचा फोन आला. "उद्या दुपारी गुऱ्हाळावर या म्हनत्यात. तो धागा आना म्हनत्यात."

मी गेले तेव्हा दुपारची भाकरी खाऊन गडी सावलीला बसले होते. काहिलीत रसाचं एक आधण उकळत होतं. तात्या खाटेवर बसले होते, उजवा हात सदऱ्याच्या बाहीत. डॉक्टरांनी बाहेर पडू नका सांगितलं होतं, पण इथं कोण ऐकतंय.

तात्यांनी विचारलं, "कुनाकुनाचा हात मुरलाय? म्होरं या."

संपत पहिल्यांदा उठला. मग शेजारच्या गुऱ्हाळाचा, कराडकडून आलेला एक गुळव्या उठला. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळली चिपाडं घालणारा एक म्हातारा उठला. तिघंही जरा ताठ चालत आले. त्यांना वाटलं असेल, तात्या आपल्यामागं कोण ते ठरवतायत.

मी कराडच्या गुळव्याला आधी घेतलं. डोळे मिटायला लावले. त्याला प्रत्येक वेळी धागा कळला. हात खरोखर सरावलेला, बाकी ठणठणीत. म्हाताऱ्याला काही बोटं कळली, काही नाही. मी मोजत होते, तात्या बघत होते.

मग संपत बसला. डोळे मिटले. मी धागा टेकवला. "व्हय," तो म्हणाला. दुसऱ्या बोटाला टेकवला. "व्हय." मला बरं वाटलं. मग शंका आली, कारण तो फार एका चालीत बोलत होता. मी हात मागं घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"व्हय," संपत म्हणाला.

मी हलले नाही.

"व्हय," तो परत म्हणाला. थोड्या वेळानं परत, "व्हय."

सगळे बघत होते. कुणी हसलं नाही. तात्या खाटेवरून म्हणाले, "संपत, म्याडम कायबी करीना झाल्यात. तू कुनाला व्हय म्हनतोस?"

संपतनं डोळे उघडले. माझ्या मांडीवरचा धागा बघितला. त्याचं तोंड पार उतरलं. "आधान होत आलंय," एवढंच म्हणून तो काहिलीकडं निघाला, गार पाण्याच्या घमेल्याकडं.

"तितंच थांब," तात्या म्हणाले. ते उठले. डावीकडं झोक जात होता, काकूंनी धरलं. काहिलीपासून चार हातांवर जाऊन उभे राहिले आणि पाकाकडं बघत राहिले. वाफ तोंडावर येत होती. मालक काही बोलायला गेले तर त्यांनी डाव्या हातानं गप्प केलं. बुडबुडे मोठे होत होते, आवाज जड होत होता. मला तर सगळे सारखेच दिसत होते.

"उतरवा," तात्या म्हणाले.

गड्यांनी काहील उतरवली, पाक गार करायच्या वाफ्यात ओतली. पाक पसरला, आणि बघता बघता कडेनं धरायला लागला. पिवळाधमक, रवाळ. मालकांनी खडा मोडून तोंडात टाकला आणि मान डोलावली. कुणाचंही बोट त्या पाकाला लागलं नव्हतं.

तात्यांनी बाही वर केली. मनगटाचा तो गोळा सगळ्यांसमोर त्यांनी पहिल्यांदाच उघडा केला. संपतच्या पुढ्यात धरला.

"बग, गूळ झाला," ते म्हणाले. "ह्यो हात नुसता लोकांस्नी दावायला घालत होतो मी."

संपत खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तो थोटा हात धरला. लहान पोरासारखा हुंदके देत होता. मी त्याच्याच बोटातून थेंबभर रक्त घेतलं. सुई टोचली तेव्हा त्यानं बोट मागं ओढलं नाही. मशीनवर आकडा आला तो बघून मी तिथून उठवूनच त्याला इस्लामपूरला आणलं. त्याच्या पायांना गुडघ्याखाली काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "गेलेली नस परत येईल असं मी म्हणणार नाही. उरलेली राखायची आहे." तो आता इन्सुलिन घेतो आणि रोज पायांचे तळवे आरशात बघतो. हंगामात काहिलीपाशी उभा राहतो तेव्हा हात पाठीमागं बांधलेले असतात. तात्यांच्या मूत्रपिंडांचं आता फार चांगलं नाही. मी त्यांची ऋणी आहे. इतकी वर्षं तक्ते दाखवून मला जे जमलं नाही, ते त्यांनी बाही वर करून केलं. मागल्या वेळी मी त्यांच्या घरी गेले तर ते दारात बसून संपतची वाट बघत होते. मला म्हणाले, "म्याडम, त्याचं हात-पाय तेवडं शाबूत ऱ्हाऊ द्या." खोटी खात्री मी देत नाही. म्हटलं, "बघतेय तात्या." त्यांनी मान डोलावली आणि परत रस्त्याकडं बघायला लागले.